गोष्ट संपते कुठे?

राक्षसाचा जीव पोपटात असतो, हे आपल्याकडच्या पोराला कुणी वेगळं सांगावं लागत नाही. सात समुद्रांपलीकडे झाड, झाडावर पिंजरा, पिंजऱ्यात पोपट. त्याची मान मुरगळली की इकडे राक्षस कोसळलाच. रशियात हीच गोष्ट कोश्चेई नावाच्या अमर दुष्टाची आहे. त्याचं मरण सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत आणि पेटी दूरच्या बेटावर ओकाच्या झाडाशी. नॉर्वेतल्या राक्षसाने आपलं काळीज बेटावरच्या चर्चमधल्या विहिरीत पोहणाऱ्या बदकाच्या अंड्यात दडवलं आहे. आणि ब्रिटिश म्युझियममधल्या, इ.स.पू. १२०० च्या सुमाराच्या एका इजिप्शियन पपायरसवर बाटा नावाचा धाकटा भाऊ आपलं काळीज झाडावरच्या फुलात ठेवतो; झाड तोडलं जातं आणि तो जागीच मरतो.

एवढं साम्य दिसलं की माणूस एका बाजूला झुकतोच. एक पक्ष म्हणतो, माणूस इथूनतिथून सारखा, म्हणून त्याच्या गोष्टीही मुळात एकच. फरक फक्त वेशभूषेचा. पटकथालेखनाच्या वर्गांत आणि कथाकथनाच्या शिबिरांत हे इतक्या सहज सांगितलं जातं की त्यावर कुणी हरकतही घेत नाही. दुसरा पक्ष अभ्यासकांमध्ये अधिक भेटतो. त्याचं म्हणणं असं, की साम्य गोष्टींत कमी आणि शोधणाऱ्याच्या नजरेत जास्त आहे. युरोपीय संग्राहकांना आपल्या साच्यात बसलं ते दिसलं, उरलेलं दिसलंच नाही. दोन्हींत तथ्य आहे. दोन्ही सारख्याच वजनाचे आहेत असं मात्र मला वाटत नाही. पण आधी पहिल्या पक्षाची जमेची बाजू नीट मोजू, कारण ती लहान नाही.

१९२८ साली लेनिनग्राडमध्ये व्लादिमीर प्रॉप यांचं एक छोटेखानी पुस्तक निघालं. अफानास्येव्ह यांच्या संग्रहातल्या शंभर रशियन अद्भुतकथा घेऊन त्यांनी एक साधं निरीक्षण मांडलं. एका गोष्टीत राजा वीराला गरुड देतो, दुसरीत म्हातारा घोडा देतो, तिसरीत मांत्रिक होडी देतो. देणारे वेगळे, वस्तू वेगळ्या, पण गोष्टीच्या दृष्टीने घडलं एकच: वीराला लांबच्या मुलखात नेणारं साधन मिळालं. अशा कृती त्यांनी मोजल्या, त्या ३१ भरल्या. कुणीतरी घर सोडून जातं, कशाची तरी मनाई होते, मनाई मोडली जाते, दुष्ट नुकसान करतो, वीर निघतो, त्याची परीक्षा होते, जादूची वस्तू मिळते, झुंज होते, खोटा दावेदार उघडा पडतो आणि शेवटी, एकतिसाव्या जागी, लग्न आणि राज्य. प्रत्येक गोष्टीत सगळ्या कृती येत नाहीत, पण ज्या येतात त्यांचा क्रम ठरलेला. पात्रांच्या भूमिकाही सातच. लोककथा म्हणजे अडाण्यांचा कल्पनाविलास, असं मानणाऱ्यांना याहून चोख उत्तर कुणी दिलेलं नाही.

प्रॉप यांनी आपल्या दाव्याची हद्दही स्वतःच आखली होती. त्यांचं म्हणणं रशियन अद्भुतकथांपुरतं होतं. ते जगभरच्या गोष्टींना लावायची घाई नंतरच्यांनी केली. त्यातल्या त्यात सावध प्रयत्न अमेरिकन लोकवाङ्मयाभ्यासक अ‍ॅलन डंडीस यांचा. १९६४ मध्ये त्यांनी उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या कथा त्याच पद्धतीने तपासल्या आणि तिथेही रचना सापडली, पण वेगळी. तिथे साखळी आखूड होती: काहीतरी उणं आहे, ते उणं भरून निघतं, किंवा मनाई, उल्लंघन, परिणाम आणि सुटकेची धडपड. डॅनिश अभ्यासक अ‍ॅक्सेल ओल्रिक यांनी १९०९ मध्ये लोककथेचा जवळजवळ नियमच म्हणून सांगितलेला तीनचा आकडा (तीन भाऊ, तीन प्रयत्न, तीन रात्री) तिथे बऱ्याच जमातींत चारवर जातो. म्हणजे रचना शोधायची पद्धत प्रवासाला टिकली, सापडलेली रचना टिकली नाही.

मग साम्य येतं कुठून? गोष्टी प्रवास करतात, हे पहिलं उत्तर, आणि त्याला कागदोपत्री पुरावा आहे. पंचतंत्र सहाव्या शतकात इराणात पहलवी भाषेत गेलं, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते ‘कलीला व दिम्ना’ या नावाने अरबीत आणलं, तिथून ते युरोपभर पसरलं आणि १६७८ साली फ्रान्सच्या ला फोंतेनने आपल्या बोधकथांचं ऋण एका भारतीय ऋषीच्या नावे मान्य केलं. थिओडोर बेन्फाय या जर्मन संस्कृतज्ञाने १८५९ मध्ये युरोपातल्या बहुतेक अद्भुतकथांचं मूळ भारतात असल्याचा सिद्धान्त मांडला. आपल्या कानाला तो गोड लागतो, म्हणूनच जपून घ्यावा; बाटाची गोष्ट पंचतंत्राहून निदान हजार वर्षं जुनी आहे. छोट्या गोष्टींच्या बाबतीत मात्र प्रवासाची शक्यता नाकारणं जड जातं. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत अडवणारी श्वापदं, धष्टपुष्ट होऊन परत येते मग खा असा वायदा, आणि परतीला घरंगळणारा भोपळा: ही आपली म्हातारी इराणातही आहे, वायद्यासकट आणि भोपळ्यासकट. हे दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचलं असेल, यावर विश्वास ठेवायला फार मोठं मन लागेल.

दुसरं उत्तर वंशपरंपरेचं. सारा ग्रासा दा सिल्व्हा आणि जमशीद तेहरानी यांनी २०१६ मध्ये जीवशास्त्रातल्या वंशवृक्ष काढण्याच्या पद्धती इंडो-युरोपीय भाषकांच्या २७५ कथाप्रकारांना लावल्या आणि ‘लोहार आणि सैतान’ ही गोष्ट थेट कांस्ययुगापर्यंत मागे नेली. काम धाडसी आहे. पण त्यातली सामग्री ज्या आंतरराष्ट्रीय कथासूचीतून आली, ती १९१० साली अँटी आर्ने यांनी मुख्यतः उत्तर युरोपातल्या कथा समोर ठेवून रचली होती. स्टिथ थॉम्पसन यांनी ती १९२८ आणि १९६१ मध्ये, हान्स-यॉर्ग उथर यांनी २००४ मध्ये वाढवली. पाया तोच राहिला. तिसरं उत्तर सगळ्यात साधं आणि बहुधा सगळ्यात दुर्लक्षित: बाळंतपणात आई जाते, बाप दुसरं लग्न करतो, घरात ताटं वाढतात आणि अन्न तेवढंच राहतं. सावत्र आईची गोष्ट जन्मायला याहून वेगळं कारण लागत नाही.

या तिन्हींपैकी एक निवडायचा हट्ट मला अनाठायी वाटतो. एखादी गोष्ट चालत आलेली असेल, दुसरी वारशाने, तिसरी जागच्या जागी उगवलेली. खरा मतभेद पुढे आहे. साम्य मान्य केल्यावर त्याचं करायचं काय?

सिंड्रेलाचंच बघा. १८९३ साली मेरियन रोआल्फ कॉक्स यांनी लंडनच्या फोकलोर सोसायटीसाठी या गोष्टीची आणि तिच्या सख्ख्या-चुलत बहिणींची ३४५ रूपं एका ग्रंथात मांडली. लिखित रूपांतलं जुनं आणि ठळक रूप चीनचं: नवव्या शतकात दुआन चेंगशी या तांग काळातल्या अधिकाऱ्याने आपल्या दक्षिणेकडच्या नोकराकडून ऐकून लिहिलेली येशियानची गोष्ट. तिथे परी नाही, मासा आहे. सावत्र आई तो मारून खाते, येशियान त्याची हाडं जपते, हाडं मागेल ते देतात. सोन्याचा जोडा हरवतो, राजाच्या हाती लागतो, लग्न होतं. सावत्र आई आणि तिची मुलगी दगडांच्या माऱ्याने मरतात. गोष्ट तरीही थांबत नाही! राजा हाव धरून हाडांकडे इतकं मागतो की वर्षभरात हाडं देणं बंद करतात. नेपल्सच्या बाझिलेने लिहिलेल्या आणि १६३४ ते १६३६ दरम्यान, त्याच्या मृत्यूनंतर, छापल्या गेलेल्या रूपात तर नायिकाच पहिल्या सावत्र आईच्या मानेवर पेटाऱ्याचं झाकण आपटून तिला ठार मारते. १६९७ मध्ये फ्रान्सच्या पेरोने सगळं स्वच्छ केलं: काचेची सपाता, भोपळ्याची गाडी, बहिणींना क्षमा आणि वर त्यांचीही लग्नं. ग्रिम बंधूंकडे बहिणी जोड्यात पाय बसावा म्हणून टाच आणि अंगठा कापून घेतात आणि शेवटी कबुतरं त्यांचे डोळे फोडतात.

कथासूचीत या सगळ्यांचा क्रमांक एकच. क्रमांकाचा उपयोग आहे, पिनकोडचा असतो तसा: पत्र कुठल्या गावी जायचं ते कळतं, आत काय लिहिलंय ते नाही. क्षमा करणारी, खून करणारी आणि जिच्या नवऱ्याची हाव उघडी पडते ती, अशा या तीन मुली वेगवेगळ्या जगांच्या रहिवासी आहेत.

आता आपल्या घरात येऊ. श्रावणी सोमवारच्या शिवामुठीच्या कहाणीला सूचीकार सिंड्रेलाचा क्रमांक देणार नाहीत, पण रचना ताडून पाहा. राजाच्या सुनांमध्ये एक नावडती. तिला खायला उष्टं, नेसायला जाडंभरडं, राहायला गोठा आणि काम गुरं राखायचं. रानात तिला नागकन्या आणि देवकन्या भेटतात, शिवामुठीचा वसा सांगतात. घरचे विचारतात, तुझा देव कुठे? ती म्हणते, लांब आहे, वाट काट्यांची आहे, साप-वाघ आहेत. एका सोमवारी सगळे तिच्या मागोमाग जातात आणि रानातलं देऊळ सोन्याचं होतं. सासरा पागोटं खुंटीला ठेवून तळं बघायला जातो. पागोटं न्यायला परततो तेव्हा सोनं गेलेलं. एक लहानसं देऊळ, एक पिंडी आणि खुंटीवर त्याचं पागोटं. नावडती आवडती होते.

राखेच्या जागी गोठा, परीच्या जागी नागकन्या, मध्यरात्री ओसरणाऱ्या वैभवाच्या जागी नाहीसं होणारं सोनं. मागे राहिलेली वस्तूसुद्धा आहे, फक्त ती नायिकेच्या पायातली नसून सासऱ्याच्या डोक्यावरची आहे. पहिल्या पक्षाला याहून चांगला साक्षीदार मिळायचा नाही. पण नावडती आधीच लग्न झालेली आहे. तिची गोष्ट जिथे सुरू होते, तिथे पेरोची संपलेली असते. तिला राजपुत्र मिळवायचा नाही, मिळालेल्या घरात जागा मिळवायची आहे. पटवायचं आहे ते सासऱ्याला. नवरा या कहाणीत जवळजवळ नाहीच. शिवाय ही कहाणी उपास केलेल्या बायका हातात तांदूळ घेऊन ऐकतात आणि तिला जे फळ मिळालं ते आपल्यालाही मिळावं असं शेवटी मागून घेतात. परीकथा ऐकणारा असं मागणं मागत नाही. सांगाडा जुळला म्हणून या दोन गोष्टींचं काम एक होत नाही.

याच संदर्भात अ‍ॅना लिबराटा डिसूझा यांची आठवण काढायला हवी. आजोबांच्या काळात गोव्यात ख्रिस्ती झालेल्या लिंगायत घराण्यातल्या या बाई मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्याकडे आया होत्या. १८६५-६६ च्या हिवाळ्यात गव्हर्नरांच्या दक्षिण मराठा मुलखातल्या दौऱ्यात अ‍ॅनाबाईंनी गव्हर्नरांची मुलगी मेरी फ्रियर हिला गोष्टी सांगितल्या. त्या गोष्टींचं पुस्तक १८६८ मध्ये लंडनला निघालं, ‘ओल्ड डेक्कन डेज’. मांत्रिकाचा जीव पोपटात असल्याची ‘पंचकिन’ त्यातलीच. त्याच पुस्तकात ‘सोदेवाबाई’ आहे. राजकन्येची रत्नजडित सपाता डोंगरावरून खाली पडते, शिकारीला आलेल्या राजपुत्राला सापडते, लग्न होतं. इथपर्यंत आपण ओळखीच्या रस्त्यावर असतो. मग सवत येते. सोदेवाबाईचा जीव गळ्यातल्या हारात असतो. सवत तो चोरवते. हार सवतीच्या गळ्यात असेपर्यंत सोदेवाबाई मेलेली, रात्री काढून ठेवला की जिवंत. गोष्टीचा जीवही या दुसऱ्या भागातच आहे. सपातेचा प्रसंग निव्वळ प्रस्तावना.

ए. के. रामानुजन यांनी कन्नड कथांच्या आधारे हाच मुद्दा नेमका मांडला. डंडीस यांच्या १९८२ च्या सिंड्रेलाविषयक संकलनात त्यांनी ‘हंची’ ही कन्नड गोष्ट दिली. तिथेही लग्नानंतर नायिकेवर आळ येतो आणि तिची खरी परवड तेव्हा सुरू होते. बायकांनी सांगितलेल्या, बाई केंद्रस्थानी असलेल्या गोष्टींत लग्न बऱ्याचदा शेवट नसून अडचणीची सुरुवात असते, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. घर सोडून जाणं आणि परत येणं हे पुरुषवीराचं वर्तुळ. मुलगी घर सोडते ती लग्नाने, आणि तिचं परतणं म्हणजे माहेरपण, चार दिवसांचं. तिच्या आयुष्यावर ते वर्तुळ बसवायचं तर गोष्ट कुठेतरी कापावीच लागते.

इथे समोरच्याचं ऐकून घ्यायला हवं. प्रॉपचा समर्थक म्हणेल, यात नवीन काय? एका गोष्टीत एकापाठोपाठ दोन-तीन फेऱ्या असू शकतात हे प्रॉपनेच लिहून ठेवलं आहे. सोदेवाबाई ही दोन फेऱ्यांची गोष्ट. बरोबर. दुसरी हरकत त्याहून टोचणारी: लग्नानंतरचा छळ ही काही पूर्वेची मक्तेदारी नाही. ग्रिमच्या संग्रहातल्या हात तोडलेल्या मुलीवर आणि हंस झालेल्या सहा भावांच्या बहिणीवर राणी झाल्यावरच किटाळ येतं. तेव्हा पश्चिमेची गोष्ट लग्नात संपते आणि भारताची लग्नानंतर सुरू होते, अशी सरळ रेघ मारली तर ती खोटी ठरेल. ‘पंचकिन’ही शेवटी सगळ्यांच्या सुटकेवर आणि सुखावरच थांबते.

दोन्ही हरकती मान्य करूनही माझं मत बदलत नाही, उलट ते नीट आखलं जातं. फरक देशांचा कमी आणि निवडणाऱ्यांचा जास्त आहे. ग्रिमच्या पुस्तकात दोन्ही जातींच्या गोष्टी होत्या. पडद्यावर, खेळण्यांवर आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात कुठली पोचली? पेरोची, आणि तीही १९५० साली डिस्नेने पुन्हा इस्त्री केलेली. क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९६० मध्ये प्रॉपवर घेतलेला आक्षेपही इथेच लागू पडतो: या पद्धतीआधी गोष्टींत सारखं काय ते कळत नव्हतं, तिच्यानंतर वेगळं काय ते सांगण्याची सोय उरली नाही. सोदेवाबाईत दोन फेऱ्या आहेत हे प्रॉपची सारणी मोजू शकते. गव्हर्नरांच्या तंबूत गोष्ट सांगणाऱ्या आयेने दुसऱ्या फेरीवर एवढा वेळ का घालवला, यासाठी त्या सारणीत रकाना नाही.

शेवटच्या बाबतीत तर जग आणखीनच विस्कळीत आहे. जपानी गोष्टीत जखमी करकोची बाई होऊन उपकारकर्त्याच्या घरी येते, स्वतःची पिसं उपटून कापड विणते, आणि तो चोरून पाहतो तेव्हा उडून जाते. बहुतेक रूपांत कुणी तिला शोधत निघत नाही. युंगच्या परंपरेत तयार झालेले मानसशास्त्रज्ञ हायाओ कावाई यांनी अशा जपानी कथांबद्दल विस्ताराने लिहिलं. लग्नाऐवजी विरहात मिटणाऱ्या या गोष्टींना अपुऱ्या समजू नये, असा त्यांचा आग्रह होता. पश्चिम आफ्रिकेत गोष्टीच्या शेवटी श्रोत्यांपुढे पेच टाकून रात्रभर वाद घालायला लावण्याची परंपरा आहे. आपल्याला ते नवं वाटायचं कारण नाही, वेताळ तेच करतो. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने कथासरित्सागरात गुंफलेल्या त्या मालिकेत शेवटची गोष्ट एका बापाशी परक्या मुलीचं आणि त्याच्या मुलाशी त्या मुलीच्या आईचं लग्न लावते, आणि त्यांच्या मुलांचं आपसांत नातं काय, या प्रश्नावर राजाला गप्प बसावं लागतं. घडी मोडली आणि पुन्हा बसली, या साच्यात हे बसवून दाखवावं कुणी.

जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ मध्ये जगातल्या वीरकथांची एकच वाट सांगितली, जॉर्ज लुकास यांनी ‘स्टार वॉर्स’साठी तिचा आधार घेतला आणि पुढे ती पटकथेचं सूत्र झाली. सूत्राने चांगले सिनेमे झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. नवशिक्याला हातात धरायला काहीतरी लागतंच. तक्रार एवढीच की वर्णन म्हणून आलेली गोष्ट नियम होऊन बसते, आणि मग नावडतीची कहाणी घेऊन आलेल्या लेखकाला विचारलं जातं, हिचा प्रवास कुठाय?

मुलांसाठी गोष्टी निवडणाऱ्या संपादकांना आणि पाठ्यपुस्तकं करणाऱ्यांना म्हणून एक सुचवावंसं वाटतं. सिंड्रेला काढून टाकू नका, आणि तिच्या जागी अस्सल देशी काहीतरी आणल्याचा अभिमानही नको. एका पुस्तकात येशियान, बाझिलेची मुलगी, सोदेवाबाई आणि नावडती शेजारी शेजारी छापा, प्रत्येकीचा शेवट न कापता. सोदेवाबाई छापताना अ‍ॅना डिसूझांचं नाव सांगणारी म्हणून वर यायला हवं, आणि ती गोष्ट गव्हर्नरांच्या मुलीच्या इंग्रजी लेखणीतून आपल्यापर्यंत आली हेही. मुलांचा गोंधळ उडेल, ही भीती मला खरी वाटत नाही. आजीची गोष्ट आणि मावशीची गोष्ट वेगळी असते हे त्यांना ठाऊक असतं, आणि त्यावरून भांडायला त्यांना आवडतं. बाझिलेच्या नायिकेने केलेला खून कितवीपासून वाचायला द्यायचा, यावर मात्र शिक्षकांशी बोलावं लागेल.